यंदाचा नियम आनंदाचा

परवा कांदेनवमी झाली. घरोघरी कांद्याची भजी, थालीपीठ, भरली वांगी असा बेत झाला आणि कांदा, लसूण, वांगे यांना चार महिन्यांकरिता निरोप देण्यात आला. आज आषाढ शुद्ध एकादशी. आज श्रीहरी शेषशय्येवर निद्रिस्त होतात ते कार्तिक शुद्ध एकादशीस, प्रबोधिनीस, जागे होतात, अशी आपली श्रद्धा आहे. देव निजला म्हणजे भक्ताने अधिक जागे राहावयाचे, हाच चातुर्मासाचा संकेत. म्हणूनच आज आपल्या देवघरासमोर एक प्रश्न हमखास विचारला जात असेल : "यंदा नियम कोणता धरायचा?"

कोणी लक्ष वाती वळण्याचा संकल्प करील, कोणी गोपद्मे काढण्याचा, कोणी मौनाने जेवण्याचा, कोणी एकभुक्त राहण्याचा. हे सारेच नियम उत्तम आहेत. परंतु गेली चाळीस वर्षे या पंढरीत कीर्तनसेवा करीत असताना, "बुवा, यंदा आनंदी राहण्याचा नियम धरला आहे," असे सांगणारा गृहस्थ मला काही भेटला नाही. आनंद ही वस्तू नियमात बसणारी आहे असे आपल्याला वाटतच नाही. तो पावसासारखा यावयाचा, आला तर आला. मुलाला नोकरी लागली की आनंद, मुलीचे लग्न ठरले की आनंद, दुखणे बरे झाले की आनंद. एरव्ही मनाचे रान कोरडेच. शास्त्र मात्र निराळे सांगते. ते शास्त्र मला तरुणपणापासून पाठ होते. कळले मात्र फार उशिरा, आणि तेही एका पाटीवरील पेन्सिलीमुळे. ती हकीकत पुढे सांगतोच. आधी शास्त्राचा पूर्वरंग, मग अनुभवाचा उत्तररंग, हा कीर्तनाचा क्रम लेखणी हाती आली तरी सुटत नाही. वाचकांनी क्षमा करावी.

स्नानासारखा संतोष

भगवान पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात, साधनपादात, पाच नियम सांगितले आहेत : शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. ही नावे आपल्या परिचयाची आहेत. पण त्यांच्या मांडणीकडे क्षणभर लक्ष द्यावे. संतोष हा येथे फळांच्या यादीत नाही, नियमांच्या यादीत आहे, आणि तोही शौचाच्या अगदी शेजारी. शौच म्हणजे शुद्धी. आज स्नान केले म्हणून उद्याचे स्नान चुकते काय? काल घर झाडले म्हणून आज केरसुणी कोपऱ्यात राहते काय? देह रोज मळतो म्हणून रोज धुवावयाचा. मनही रोज मळते, रुसते, कुढते. म्हणून संतोषही रोज करावयाचा. या संतोषापासून ज्याच्याहून श्रेष्ठ काही नाही असे सुख लाभते, असे त्याच पादात पुढे सांगितले आहे. म्हणजे सुख मिळाले की संतोष वाटेल, हा आपला क्रम उलटा आहे. आधी संतोषाचा नियम, मागाहून सुख, हा शास्त्राचा क्रम.

नियम म्हटला की अभ्यास आलाच. आपण अभ्यास म्हणजे पुस्तक उघडून बसणे असे समजतो. शास्त्रात अभ्यास म्हणजे एकाच ठिकाणी स्थिर होण्याचा पुनःपुन्हा केलेला यत्न. तो अभ्यास दृढ केव्हा होतो, याच्या तीन अटी पतंजलींनी घातल्या आहेत : तो दीर्घकाळ असावा, मध्ये खंड नसावा आणि आदरपूर्वक असावा. गवयाला, पखवाजियाला, सुताराला, स्वयंपाक करणाऱ्या माउलीला या अटी कोणी शिकवाव्या लागत नाहीत. भाकरी पहिल्याच दिवशी गोल होत नाही, आणि पहिली भाकरी वेडीवाकडी झाली म्हणून कोणी परात फेकून देत नाही. आनंदाच्या बाबतीत मात्र, दोन दिवस प्रयत्न करून तिसऱ्या दिवशी मन खट्टू झाले, की आपण म्हणतो, "आमचा स्वभावच असा."

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील सात्त्विक सुखाची खूणच अशी सांगितली आहे की, त्यात मनुष्य अभ्यासाने रमू लागतो. आणि ते आरंभी विषासारखे, परिणामी अमृतासारखे असते. राजस सुखाचा क्रम याच्या उलट. या श्लोकांवर मी कितीतरी कीर्तने केली असतील. आरंभीच्या त्या विषाची चव मात्र मी घेतली नव्हती.

भृगूच्या खेपा

तैत्तिरीय उपनिषदात भृगूची कथा आहे. वरुणाचा पुत्र भृगू वडिलांकडे गेला आणि म्हणाला, मला ब्रह्म शिकवा. वडिलांनी लक्षण सांगितले, उत्तर सांगितले नाही; तप करून जाणून घे, एवढेच म्हणाले. भृगूने तप केले आणि त्याला वाटले, अन्न हेच ब्रह्म. तो परत आला. वडिलांनी पुन्हा तपालाच धाडले. मग त्याला प्राण हे ब्रह्म वाटले, मग मन, मग विज्ञान. चार वेळा तो उत्तर घेऊन आला आणि चारही वेळा वडिलांनी त्याला परत पाठविले. पाचव्या वेळी आनंद हेच ब्रह्म असे त्याने जाणले, आणि मग विचारावयास परत येण्याचे कारणच उरले नाही.

वरुण ज्ञानी होता. त्याला पुत्राच्या कानात एका शब्दात सांगता आले असते. पण सांगितलेला आनंद हा आनंद होत नाही. खेपा ज्याच्या त्यानेच घालाव्या लागतात.

याच्याही पुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आनंदाच्या त्या शिखरावर पोहोचल्यावर उपनिषद थांबत नाही. ते लगेच घराच्या ओसरीवर उतरते आणि व्रते सांगू लागते : अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न पुष्कळ करावे, वस्तीला आलेल्या कोणालाही नाही म्हणू नये. जेथे आनंदाचा परमोच्च साक्षात्कार, त्याच्या पाठोपाठ ताटातला घास आणि दाराशी आलेला पाहुणा! आनंदाची साधना गुहेत नव्हे, स्वयंपाकघरात आणि उंबरठ्यावर चालते, असेच जणू ऋषींना सुचवावयाचे असावे.

पाटीवरचे नाव

आता ती हकीकत. २०१४ सालच्या ज्येष्ठात माझा आवाज बसला. आठ दिवसांत सुटेल, पंधरा दिवसांत सुटेल, असे म्हणता म्हणता तपासणी झाली, तेव्हा स्वरयंत्रावर गाठ निघाली. ती साधी होती, काढून टाकली. परंतु डॉक्टरांनी काही आठवडे पूर्ण मौन आणि कार्तिकीपर्यंत कीर्तन वर्ज्य, अशी आज्ञा केली. कीर्तनकाराचा चातुर्मास म्हणजे शेतकऱ्याचा पावसाळा. वर्षाचे धान्य त्यातच घरात यावयाचे. ज्या मठात मी सलग अठरा वर्षे चातुर्मासाची सेवा केली होती, तेथील मंडळींनी निरोप पाठविला, "बुवा, आपण विश्रांती घ्या. यंदा आपल्या शिष्यालाच उभे करतो." वास्तविक माझेच नाव पुढे चालले होते. तो मुलगा माझ्याच घरी जेवून, माझ्याच पेटीवर स्वर धरून तयार झालेला. मी पाटीवर "फार उत्तम" असे लिहून दिले. आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या घरी आईचा एक जुना रिवाज होता. तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लागला, शुभं करोति झाले, की घरातील प्रत्येकाने आज दुसऱ्या कोणाचे काय चांगले झाले ते एक सांगावयाचे. कोणाची गाय व्याली, कोणाच्या मुलीला दिवस गेले, कोणाचे कर्ज फिटले, पोस्टमनचा मुलगा पास झाला. लहानपणी मला हे बायकांचे गप्पाष्टक वाटे. पुढे संस्कृत शिकलो, योगसूत्रांतील मुदिता शब्दाचा अर्थ लोकांना सांगू लागलो, तरी आपल्या घरात रोज संध्याकाळी चालते ती मुदिताच आहे, हे काही माझ्या ध्यानात आले नाही. आई त्या वेळी ऐंशीच्या घरात होती. डोळ्यांनी अंधुक दिसे. माझे मौन म्हणून मी पाटीवर लिहावयाचे आणि माझ्या पत्नीने ते मोठ्याने वाचून दाखवावयाचे, असे ठरले.

पहिले आठ-दहा दिवस मी काहीबाही लिहिले. शेजाऱ्यांच्या विहिरीला पाणी आले. अमक्याच्या पायाचे प्लॅस्टर निघाले. एका संध्याकाळी आई सहज म्हणाली, "मठातलं कीर्तन कसं चाललंय रे? माणसं येतात म्हणे भरपूर." मी पाटीवर काही लिहिले नाही. होते तेही पुसून टाकले. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कांदा सोडलास, बरं केलंस. पण दिवसभर जे चघळत बसतोस, ते कधी सोडणार?"

त्या एका वाक्याने माझी चाळीस कीर्तने उतरवली. घरातील कोणालाही कळले नसेल असे मी समजत होतो, ते अंधुक डोळ्यांच्या म्हातारीने पाहिले होते. दुसऱ्या संध्याकाळी मी पाटीवर लिहिले, "माझ्या शिष्याचे कीर्तन चांगले होत आहे." पत्नीने वाचले. आई म्हणाली, "उद्याही लिही."

वाचकहो, येथे मी काही चमत्कार सांगणार नाही. ते वाक्य मी लिहिले तेव्हा ते खोटे होते. दुसऱ्या दिवशीही खोटेच होते. घशाखाली कडू औषध उतरावे तशी ती अक्षरे पेन्सिलीतून उतरत. विसाव्या-पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मात्र एक गोष्ट घडली. नुसते "चांगले होत आहे" असे रोज लिहिण्याची मला लाज वाटू लागली, आणि काय चांगले होत आहे ते मी लोकांकडे हाताने खुणावून विचारू लागलो. कोणी सांगितले, तो आख्यानात मुलांना हसवतो. कोणी सांगितले, तो पायरीपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्यांकरिता सावकाश बोलतो. ही गोष्ट मी त्याला कधी शिकविली नव्हती. ती त्याची त्याने कमावलेली होती. त्या दिवशी पाटीवर जे लिहिले ते खरे होते.

भाद्रपदात मौन सुटले, हलके बोलण्याची परवानगी मिळाली. मी मठात जाऊन मागे, खांबापाशी बसलो. कीर्तन संपल्यावर रिवाजाप्रमाणे श्रोते एकेक करून बुवांच्या पाया पडू लागले. कीर्तनकार नारदांच्या गादीवर उभा असतो; तेथे वय पाहावयाचे नसते, हे मीच हजारो लोकांना सांगत आलो होतो. रांग पुढे सरकत होती आणि माझे पाय जड होत होते. माझी पाळी आली. मी वाकलो तसा तो गडबडून मागे सरला, "गुरुजी, हे काय?" मी कसाबसा म्हणालो, "मागे सरू नकोस. हा गादीला नमस्कार आहे." वाकताना मनात जे विष होते, ते उठताना नव्हते. चंद्रभागेच्या काठाने घरी येताना माझ्या लक्षात आले, की तीन महिन्यांत आज प्रथमच मला आपल्या आवाजाची आठवण झाली नाही.

आवाज पुढे आला; पण पहिला नव्हे. वरच्या पट्टीत आता जाववत नाही. मठाची सेवा आम्ही दोघे वाटून करू लागलो. मत्सर कायमचा गेला म्हणाल, तर तसेही नाही. पुढच्याच वर्षी तो परत आला. मग कळले, हे स्नानासारखेच आहे; रोजचे ते रोज.

आई २०१९ साली गेली. पुढच्याच वर्षी, मार्च २०२० पासून, महामारीमुळे मंदिराची दारे भाविकांसाठी मिटली. १ जुलैच्या आषाढीला पायी वारी नव्हती. संतांच्या पादुका एसटीच्या गाडीतून आल्या. ज्या रस्त्यांवर त्या दिवशी पाय ठेवावयास जागा नसते, तेथे शुकशुकाट होता. सर्वच कीर्तनकारांचे आवाज बसले होते म्हणा ना! त्या संध्याकाळी शिष्याचा दूरध्वनी आला. त्याच्याही घरची मिळकत थांबलेली. तो म्हणाला, "गुरुजी, आजचं एक सांगा." आईचा रिवाज त्याच्याही घरी पोहोचला आहे, हे मला तेव्हा कळले. त्या दिवसांत दुसऱ्याचे चांगले शोधावयास फार हिंडावे लागे. पण शोधले की सापडे. कोणीतरी दवाखान्यातून पायी घरी आलेले असे.

चार महिने, चार भावना

पतंजलींनी चित्त प्रसन्न राहण्याचा उपाय म्हणून चार भावना सांगितल्या आहेत : सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता आणि अपुण्याविषयी उपेक्षा. आपला चातुर्मासही चार महिन्यांचा. एकादशी ते एकादशी असा एकेक महिना एकेका भावनेस दिला, तर आपल्या सणांची माळही तिच्याशी सहज जुळते.

पहिला महिना मैत्रीचा. श्रावण लागतो, नागपंचमीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. ज्याच्या घरी सुख आहे, त्याचे सुख आपल्या मित्राचेच आहे असे समजून पाहावे. दुसरा महिना करुणेचा. यात श्रावणी पोळा येतो. वर्षभर राबणाऱ्या बैलाच्या खांद्याला आपण लोणी-हळद लावतो. मग आपल्या घरी राबणाऱ्या माणसाचा खांदा कधी दुखतो काय, हेही विचारावे. तिसरा महिना मुदितेचा. यात पितृपक्ष आहे. पिंडदानाबरोबर त्या त्या पितराचा एकेक गुण मुलांना सांगावा. आणि दसऱ्याला सोने देताना जिवंत माणसांचेही गुण तोंडावर सांगण्याची सवय करावी. चौथा महिना उपेक्षेचा. दिवाळीपूर्वी आपण माळ्यावरची अडगळ काढतो. तशीच जुन्या अपमानांची, वाटण्यांच्या भांडणांची, कोणी कधी काय बोलले याची अडगळ काढून टाकावी. उपेक्षा म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक नव्हे. अन्याय दूर करण्यासाठी जे करावयाचे ते अवश्य करावे; परंतु ते करणाऱ्याला रात्रंदिवस मनात बिऱ्हाड देऊ नये.

नियम लहान असावा. दिवा लागल्यावर घरातील प्रत्येकाने त्या महिन्याच्या भावनेचे त्या दिवशीचे एकच उदाहरण सांगावे. त्याला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. मुलांना उपदेश करू नये, आपण सांगावे म्हणजे ती सांगू लागतात. ज्याचे कोणाचे नाव घेणे जड जाते, ते नाव एकदा तरी घ्यावे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी निमूटपणे पुन्हा आरंभ करावा, आणि या नियमाचे चार लोकांत प्रदर्शन करू नये.

२००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही जणांनी ज्यांविषयी कृतज्ञता वाटते अशा गोष्टींची नियमाने नोंद ठेवली, तर काहींनी त्रासाच्या गोष्टींची. पहिल्या मंडळींना आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधान वाटले, असे त्यांना आढळले. माझ्या आईने ते वाचले नव्हते; पण वाचून दाखविले असते, तर ती म्हणाली असती, "बरं झालं, त्यांनाही कळलं."

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्याच्या घरी नुकतेच दुःख घडले आहे, त्याला "आनंदी राहा" असे सांगणे हे क्रौर्य आहे. त्याच्याजवळ नुसते बसावे. आणि ज्याचे मन दीर्घकाळ खिन्नतेत बुडाले आहे, झोप-भूक उडाली आहे, त्याला जसे तापाला तसे याही दुखण्याला डॉक्टरांकडे न्यावे. त्यात कमीपणा नाही. माझी गाठ नामस्मरणाने गेली नाही, ती डॉक्टरांनीच काढली. मनातली गाठ मात्र मला स्वतःला सोडवावी लागली.

आज सायंकाळी उपवासाचा फराळ होईल, देवापुढे समई लागेल. नियमाचा प्रश्न अजून सुटला नसेल, तर घरातील सर्वांना समईपाशी बोलवावे आणि वडीलधाऱ्यांनी आरंभ करावा. आमच्या घरी ती जुनी पाटी अजून देवघरात आहे. आवाज असला, तरी एकादशीच्या संध्याकाळी मी त्या पाटीवरच लिहितो, आणि आता नात ते वाचून दाखविते. यंदा कोणाचे नाव लिहावयाचे, ते मी ठरविले आहे. ते लिहिणे सोपे जाणार नाही, म्हणूनच ठरविले आहे.

श्रीविठ्ठल आपल्या सर्वांकडून हा नियम कार्तिकीपर्यंत अखंड पार पाडून घेवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.